चेंडूवरचे पाच दिवस

हजहून परतलो तेव्हा, २०१८ साली, आमच्या तासगावच्या घरी आठ दिवस माणसांची रीघ लागली होती. जमजमचं पाणी, खजूर, गळाभेटी, दुवा. २०२३ च्या ऑक्टोबरात इटलीहून परतलो तेव्हा शेजारचे चाचा तेवढे आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मास्तर, तिकडं आपलं काय हाय?"

एवढ्या पैशात दोघांचा उमरा झाला असता, हे ते तोंडानं म्हणाले नाहीत. पण बशी ठेवण्याच्या पद्धतीत ते होतं. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. नंतर वाटलं, प्रश्न वाईट नव्हता.

आधी हे सांगायला हवं की इटलीची हौस माझी नव्हे, आमच्या हिची. मी मराठीचा मास्तर, ही भूगोलाची. मुलींच्या हायस्कुलात तीस वर्षं तिनं फळ्यावर खडूनं इटली काढली. एका रेषेत बूट, बुटाच्या टोकापाशी तिकोनी चेंडू. "हा देश बुटानं चेंडू लाथाडतोय असं लक्षात ठेवा," असं सांगितलं की मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा ते विसरत नसत. तिच्या निवृत्तीनंतर भिशीचे पैसे साठले, पुण्याच्या मुलीनं त्यात भर घातली आणि ही म्हणाली, "बूट सगळेच बघतात. मला चेंडूवर जायचंय."

बूट आम्ही एका सहलीबरोबर सात दिवसांत उरकला. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, छत्री उंच धरलेल्या बाईमागून चालायचं, मोजणी झाली की बसमध्ये बसायचं. व्हेनिसच्या पुलावर ही म्हणाली, "शाळा तपासणीसारखं चाललंय हे." तिचे गुडघे हजपासून दुखतात. सहल रोमला परत आली, मंडळी मुंबईच्या विमानात बसली आणि आम्ही दोघं पालेर्मोच्या. तासाभराचा प्रवास. बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच, सोबत मुलं नाहीत, पाहुणे नाहीत, कुणाचं लग्न नाही की मय्यत नाही, असे कुठं गेलो होतो हे विमानात आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

पालेर्मोच्या विमानतळाला फाल्कोने आणि बोर्सेलिनो या दोन न्यायाधीशांची नावं आहेत. माफियाविरुद्ध खटले चालवले म्हणून १९९२ साली दोघांनाही स्फोटात मारलं. शहराकडे येताना महामार्गाच्या कडेला एक उंच लाल खांब दिसतो. टॅक्सीवाल्यानं तिकडं बोट दाखवलं, काही बोलला नाही. फाल्कोने तिथंच गेले, सोबत त्यांची बायको आणि तीन पोलीस. गावाची ओळख अशी झाली, म्हणून आम्ही पहिली रात्र दाराला आतून खुर्ची लावून झोपलो. दुसऱ्या दिवशी समोरच्या खिडकीतल्या म्हातारीनं दोरीवरचे कपडे काढता काढता हिला हात केला, तेव्हापासून खुर्ची बाजूला झाली.

आमची खोली काल्सा नावाच्या मोहल्ल्यात होती. गल्लीत समोरासमोरच्या घरांत दोऱ्या, त्यावर चादरी. काल्सा म्हणजे अरबी अल्‌-खालिसा. आपला खालसा. १८४८ साली सातारा खालसा झालं म्हणतो ना आपण, तोच शब्द. सिसिलीवर अरबांची सत्ता होती तेव्हा दहाव्या शतकात राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी वसवलेला हा भाग. पालेर्मो त्यांनी ८३१ साली घेतलं आणि १०७२ साली ते नॉर्मन सरदारांच्या हाती गेलं. मधली अडीचशे वर्षं गेली कुठं म्हणाल तर जिभेवर. मुख्य रस्त्याला लोक अजून कास्सारो म्हणतात, तो 'कस्र', म्हणजे किल्ला. पाण्याच्या हौदाला खेड्यात जेब्बिया म्हणतात, ते 'जाबिया'. मनुकांच्या द्राक्षाला झिबिब्बो म्हणतात, ते 'जबीब'. आम्ही तासगावची माणसं. आमच्याकडे घरटी बेदाण्याचा धंदा, आणि बेदाणा हा शब्दही फारसी, बिनबियांचा. मराठीच्या मास्तरला याहून मोठी मेजवानी नको. मी रस्त्यानं शब्द वेचत चाललो होतो आणि ही म्हणत होती, "अहो, खड्डा बघा."

पहिल्या सकाळी काही ठरवलंच नाही. कुठंही जायचं नाही, हेच ठरवलं. हे ऐकायला सोपं वाटतं. नऊ वाजता आम्ही आवरून खोलीत बसलो होतो, बूट घालून, एकमेकांकडे बघत. सवयच नाही. शेवटी खाली उतरलो. कोपऱ्यावर एक गाडा होता. मोठ्या कढईत पिवळ्या चौकोनी वड्या तळून पावात भरून देत होता. हिनं लांबूनच ओळखलं. "बेसन!" बेसनच होतं, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ. पाण्यात शिजवून घट्ट पिठलं करायचं, पातळ थापायचं, थंड झाल्यावर कापून तळायचं. म्हणजे आपली पाटवडी, फक्त तळलेली, वर लिंबू. त्याला ते पानेल्ले म्हणतात. हिनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मिरची विसरला." तिखटाची पूड आम्ही बरोबर नेलीच होती. हलाल-हरामचा विचार करावा लागतो तिथं बेसन आणि मासा यांच्याइतका सोबती नाही. पाच दिवस आम्ही यांवरच काढले.

मग पियाझ्झा मारीना नावाच्या चौकातली बाग. तिथं एक झाड आहे. मूळचं ऑस्ट्रेलियातलं, पण आमच्या दृष्टीनं वडच. पारंब्या खाली येऊन खोड झालेल्या, मुळं भिंतीसारखी उभी. युरोपातल्या सगळ्यांत मोठ्या झाडांत त्याची गणती होते. त्याच्या सावलीत बाक. आम्ही साडेदहाला बसलो ते जोहरची वेळ झाली तरी तिथंच. एक म्हातारा कबुतरांना पाव घालत होता, दोन पोरं चेंडू मारत होती. ही म्हणाली, "आपल्या एसटी स्टँडजवळचं झाड तोडलं, आठवतं?" एवढंच बोलणं. पण सहलीच्या सात दिवसांत आम्ही एवढंही बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यातलं प्रार्थनाघर पाहिलं. दुसऱ्या रॉजर राजाचं, ११४० सालचं. भिंतींवर ग्रीक कारागिरांची सोनेरी चित्रं, आणि वर छत लाकडी, मधाच्या पोळ्यासारखं कोरलेलं, मशिदीच्या कमानींत असतं तसं. छतावर रंगवलेले वाजंत्रीवाले, उंट, बुद्धिबळ खेळणारे दोघं, कडेनं कूफी अक्षरं. ख्रिस्ती राजा, डोक्यावर अरबी छत. मान दुखेपर्यंत बघितलं. याच रॉजरच्या दरबारात अल्‌-इद्रीसी होता. त्यानं पंधरा वर्षं खपून जगाचा भूगोल लिहिला, ११५४ साली पुरा केला, चांदीच्या तबकडीवर जग कोरलं. हे मी वाचून सांगितलं तेव्हा ही एकदम ताठ उभी राहिली. तिनं तीस वर्षं शिकवलेल्या विषयाचा एवढा मोठा माणूस इथं राहत होता आणि पाठ्यपुस्तकात त्याचं नाव एका ओळीतही नव्हतं. दुकानात त्याच्या नकाशाची छापील प्रत होती. ती उलटी आहे असं समजून मी फिरवायला गेलो. हिनं हात धरला. इद्रीसीच्या नकाशात दक्षिण वर असते. मग तिनंच नकाशा वाचून दाखवला आणि आफ्रिकेच्या खाली चेंडू शोधून काढला. ती प्रत आता आमच्या हॉलमध्ये आहे. येणारा प्रत्येक जण सांगतो, मॅडम, उलटा लागलाय.

कॅथेड्रलच्या दक्षिण दारी एक खांब आहे, त्यावर कुराणाची आयत कोरलेली आहे. सूरह आराफची चोपन्नावी. त्या जागी आधी चर्च होतं, मग मशीद झाली, मग पुन्हा चर्च. खांब कुणी काढला नाही. मी लहानपणी मदरशात नाजिरा केलेला, अक्षरं ओळखीची, तरी पटकन लागेनात. बोट हवेत फिरवत शब्द जुळवत होतो. शेजारी एक जर्मन जोडपं माझ्याकडे बघत होतं, खांबाकडे नाही.

इथं एक सांगायला हवं. गाइडची पुस्तकं या काळाबद्दल फार गोड बोलतात. सगळे धर्म कसे गुण्यागोविंदानं नांदत होते वगैरे. गोष्ट इतकी गोड नाही. ग्रॅनाडाकडचा इब्न जुबैर हजहून परतताना ११८४ साली मेसिनाजवळ जहाज फुटून या बेटावर आला. नाताळच्या दिवशी पालेर्मोच्या ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारखाच पोशाख करून, बुरखा घेऊन, मेंदी लावून चर्चला चालल्याचं त्यानं लिहिलंय. पण त्याच पुस्तकात इथल्या मुसलमानांवरचा दबावही लिहिलाय. पुढं तेराव्या शतकात दुसऱ्या फ्रेडरिकनं उरलेल्या मुसलमानांना उचलून मुख्य भूमीवर लुचेरा गावी नेऊन टाकलं, आणि १३०० साली ती वस्तीही मोडली. तेव्हा जे दिसतं ते सुंदर आहे, पण ते बनवणाऱ्यांचे नातू इथं राहिले नाहीत. आज इथं मुसलमान दिसतात ते ट्युनिशियाचे, मोरोक्कोचे आणि बांगलादेशचे. बाल्लारोच्या बाजारात एका बांगलादेशी दुकानदारानं आमची हिंदी ऐकून स्टूल पुढं केलं. हिरव्या मिरच्या त्याच्याकडेच मिळाल्या, हिला जग मिळालं. जुम्याची नमाज कुठं, म्हणून विचारलं तर त्यानं पोरगा बरोबर दिला. मशीद म्हणजे एक जुनं चर्च, वापरात नव्हतं ते दिलेलं. ट्युनिशियाचं सरकार ते चालवतं. खुतबा अरबीत. मला कळला तेवढाच, जेवढा तासगावला कळतो.

आता चौथ्या दिवसाकडे यावं लागेल. आणि त्यासाठी आधी मार्चकडे.

आमची अम्मा २०१७ साली गेली, पंच्याऐंशी वर्षांची होऊन. कबरीवर सब्जा लावला. दगड लावायचा असं भाई, म्हणजे माझे थोरले बंधू, आणि मी दोघांनीही ठरवलं होतं. दगडावर उर्दूत लिहायचं, असं भाईंचं म्हणणं. कबरस्तानात सगळे दगड उर्दूत आहेत. मी म्हणालो, मराठीत. कारण अम्माला उर्दू वाचता येत नव्हतं. १९७८ साली सरकारचे प्रौढ शिक्षणाचे वर्ग सुरू झाले, मी तेव्हा नवा मास्तर, गावातला वर्ग माझ्याकडे होता. कंदिलाच्या उजेडात शेवटच्या रांगेत पदर ओढून अम्मा बसायची. सेहेचाळीसाव्या वर्षी पोटच्या पोराकडून तिनं अ आ इ ई गिरवली. मग तिच्या दगडावर मराठी नको? भाई म्हणायचे, मराठी काय, साइनबोर्ड आहे का तो? या वादात सहा वर्षं गेली आणि दगड लागला नाही. २०२३ च्या शब-ए-बरातला आम्ही दोघं कबरस्तानात गेलो. आजूबाजूला नव्या कबरी झालेल्या, पावसानं माती खचलेली, सब्जा सगळीकडेच. अम्माची कबर नेमकी कुठली, यावर आमचं जमेना. ते एका उंचवट्यापाशी उभे, मी दुसऱ्या. शब्दानं शब्द वाढला. लोकांनी दोघांना बाजूला केलं. त्यानंतर बोलणं बंद. सात महिने.

चौथ्या दिवशी आम्ही झीसा पाहायला गेलो. झीसा म्हणजे अल्‌-अजीजा, लाडकी. माझ्या एका मावशीचं हेच नाव. बाराव्या शतकात नॉर्मन राजांनी अरबी कारागिरांकडून बांधून घेतलेला उन्हाळी महाल. समुद्राकडे तोंड, मधल्या दालनात भिंतीतून पाणी उतरून दगडी पन्हाळीतून बाहेर वाहत जायचं, वारा त्यावरून आत यायचा. त्या काळचा कूलर. वरच्या मजल्यावर संग्रहालय आहे. गर्दी नव्हती. ही खिडकीच्या कट्ट्यावर बसली, मी काचेमागची भांडी बघत फिरलो आणि एका दगडापाशी थांबलो.

संगमरवराची फरशी. मधे क्रूस आणि त्याच्या चारी अंगांना चार लेख. राजाच्या दरबारात ग्रिसान्तो नावाचा पाद्री होता. त्याची आई आन्ना ११४८ साली वारली. आधी मोठ्या चर्चमध्ये पुरली, पुढच्या वर्षी मुलानं बांधलेल्या प्रार्थनाघरात आणली, आणि हा दगड लावला. डाव्या बाजूला लॅटिन, उजव्या बाजूला ग्रीक, खाली अरबी आणि वर हिब्रू. सालंही ज्याच्या त्याच्या हिशेबानं. अरबीत हिजरी, हिब्रूत यहुद्यांचं.

मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. ही उठून आली. "काय लिहिलंय?"

मी सगळं सांगितलं. जरा चढ्या आवाजातच सांगितलं असावं. बघ, आठशे-पाऊणशे वर्षांपूर्वी एका पाद्र्याला जे सुचलं ते आपल्या भाईंना सुचत नाही. आईच्या दगडावर चार भाषा मावल्या, आणि आमच्याकडे एक मराठी मावत नाही.

ही दगडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या बाईला स्वतःला यातलं कुठलं वाचता येत होतं?"

ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"मग हे तिनं लिहून घेतलं नाही. मुलानं लिहिलं. माझी आई किती मोठी, हे चारी पेठांतल्या लोकांना कळावं म्हणून. म्हणजे मुलगा किती मोठा, हेही कळतं." ती थांबली. "भाईंना जमातीत मान पाहिजे. तुम्हाला साहित्य संमेलनात."

मी काही बोललो नाही. राग आला होता. बेचाळीस वर्षांत हिनं या वादात कधी बाजू घेतली नव्हती. मला वाटायचं ती माझ्या बाजूनं गप्प आहे.

मी पुन्हा माहितीची पाटी वाचायला लागलो, तोंड लपवायला म्हणून. तिथं एक गोष्ट होती जी माझ्या नजरेतून सुटली होती. वरचा हिब्रू लेख हिब्रू भाषेत नाहीच. भाषा अरबी, फक्त अक्षरं हिब्रू. इथले यहुदी घरी अरबी बोलत आणि आपल्या लिपीत लिहीत. चार लेख, चार लिप्या, पण भाषा तीनच. मी हे हिला सांगितलं, आता खालच्या आवाजात.

ती लगेच म्हणाली, "अम्मांच्या चिठ्ठ्यांसारखं."

मी डी.एड. झाल्यावर पहिली पाच वर्षं जतकडे होतो. वर्गात अक्षरं शिकल्यावर अम्मा मला कार्डं लिहायची. अक्षरं बाळबोध, माझ्या वर्गातली, काना-मात्रा चुकवलेली. पण भाषा मराठी नव्हती. भाषा आमच्या घरातली, दखनी. 'बच्चे को सर्दी हुई करके सुनी. उसको थंडा मत देव. आताना हलदी लेके आ.' मी मास्तर. त्या कार्डांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका बघायचो, मनातल्या मनात लाल शाई फिरवायचो. तिनं मराठी लिहावं म्हणून एकदा समजावलंही होतं. ती म्हणाली होती, "मराठी मेरेकू आती नै ना उत्ती." मी सहा वर्षं भांडत होतो ते त्या मराठीसाठी.

आम्ही खाली उतरलो. महालासमोरच्या लांब बागेत बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही, पण ते पहिल्या दिवशीच्या झाडाखालचं न बोलणं नव्हतं. शेवटी तिनं पिशवीतून मिरची आणि पाव काढला. भांडण झालं तरी जेवण चुकवायचं नाही, हा तिचा नियम.

पाचव्या दिवशी मोनरेआलेला जायचं होतं. डोंगरावरचं गाव, तिथल्या मठाच्या चौकात २२८ खांब, म्हणे प्रत्येकाची नक्षी वेगळी. बसही सापडली होती. पण हिचा गुडघा धरला होता आणि खरं म्हणजे माझाही जीव त्यात नव्हता. आम्ही बस सोडून दिली. एवढ्या लांब येऊन एक सोनेरी चर्च न बघता परतलो याबद्दल मुलगी अजून बोलते.

त्याऐवजी कल्देराई गल्लीतून फिरलो. तांबटांची गल्ली, जुन्या यहुदी वस्तीतली. तिथं रस्त्यांच्या पाट्या तीन लिप्यांत आहेत, इटालियन, हिब्रू, अरबी. मी आता काही टिप्पणी केली नाही. एका वाण्याकडे झिबिब्बोचे बेदाणे मिळाले, काळपट, टपोरे, बियांचे. म्हणजे त्यांना बेदाणा म्हणता येणार नाही. अर्धा किलो घेतले. संध्याकाळी समुद्राकाठी जाऊन बसलो. फोरो इतालिको म्हणतात त्या मैदानात पोरं पतंग उडवत होती. तासगावला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले असतील.

ही म्हणाली, "भाई अजून जागे असतील. ऑक्टोबर आहे. छाटणी चालू असणार."

फोन तिनंच लावला, जाऊबाईंना. दोन मिनिटं दोघी गुडघ्यांवर बोलल्या. मग तिनं फोन माझ्या हातात दिला, आणि तिकडूनही तसाच कुणाच्या तरी हातात दिला गेला असावा, कारण भाईंचा आवाज आला.

"किदर है रे?"

"इटलीत. समुंदरके बाजूकू."

"हां. सुना."

मग बराच वेळ काही नाही. मी विचारलं, छाटणी झाली का. अर्धी झाली, म्हणाले. पाऊस झाला तर डावणी येईल, औषधाचे भाव वाढलेत. मी सांगितलं, इथं मनुकांचं द्राक्ष आहे, बियांचं, त्याला जबीबच म्हणतात. त्यांचा आवाज बदलला. बाग मांडवावर असते का, की झाडासारखी? खारट वाऱ्यानं पान जळत नाही का? मला काहीच सांगता येईना. चिडले. "पाच दिन रह्या और बाग नै देख्या?" मग म्हणाले, येताना मूठभर आण, बघू.

"भाई," मी म्हणालो, "अम्माची कार्डं तुमच्याकडे आहेत का? जतला यायची ती. मी परत आल्यावर ट्रंकेत ठेवली होती."

"होंगे. क्यूं?"

"आल्यावर बघतो."

"दीमक लगी थी ट्रंकको," ते म्हणाले. "कल देखता."

फोन ठेवला. हिनं बेदाण्यांची पिशवी उघडून चार माझ्या हातावर ठेवले, चार आपण घेतले. बी दाताखाली आली. ती म्हणाली, गोड आहेत, पण आपल्यासारखे नाहीत.